कमानीखालची बाज

भिंतीला जीभ लावून तिची सात पिढ्यांची कुंडली सांगणारा इसम अख्ख्या भूतलावर एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. जुन्या इमारती दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. लातूरला आमच्या घरच्या लग्नात आले, ते नवरा-नवरीला सोडून आधी मांडवामागच्या पडक्या बुरुजाला भेटले. तिथला चिमूटभर चुना जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गूळ कमी पडलाय बघा." पुरण वाढणाऱ्या आचाऱ्याला दरदरून घाम फुटला.

सिमेंटचं नाव काढलं की त्यांच्या अंगावर पित्त उठतं. त्यांचा चुना जुन्या पद्धतीचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि उडदाचं पाणी. मेहुणीनं पापडासाठी निवडून ठेवलेले उडीद यंदा असेच निजामाच्या काळातल्या एका कमानीत गेले. "ताई, लोकांचे नवरे बाहेर खाऊन येतात," ती माझ्या बायकोला म्हणाली, "आमचे घरचं नेऊन भिंतीला चारतात."

ती कमान किनवटच्या डोंगरात, वनखात्याच्या उद्यानातल्या दगडी विश्रामगृहाची. साहेबांनी बजावलं होतं, खालचा लाकडी आधार काढल्यावर कमान थांबली तर ठीक, नाही तर सगळं पाडून तिथं सिमेंटचं खोकं. आधार काढायच्या दिवशी मी हौसेनं बघायला गेलो, ही माझी अक्कल. शेवटचे दोन कडेचे खांब बाहेरून दोर लावून ओढायचे होते. साहेब, मिस्त्री, गडी, सगळे लांब सागाच्या झाडांआड. साडूंनी मात्र बाज ओढत आणली, बरोबर कमानीच्या पोटाखाली टाकली आणि तिच्यावर उताणे पडले.

"अहो साडूभाऊ, उठा. डोकं ठिकाणावर आहे का?"

"हाय की. कमानीच्या बरोबर खाली हाय. तुमी तिथं उभं राहून काय करून राहिले? चहाचं बघा." मग गड्यांना म्हणाले, "ओढा रे."

खांब निसटले. वर काहीतरी करकरलं आणि मी जवळच्या सागाला मिठी मारली. मूठभर चुना साडूंच्या मिशांवर पडला. त्यांनी तो चाखला. कमान मात्र तसूभर हलली नाही.

मी भडकून कमानीखाली त्यांच्यावर धावून गेलो. "पडली असती म्हणजे?"

ते वरच बघत राहिले. "भूकंपात किल्लारीला आमची माय घराच्या दगडाखाली गेली. ज्यानं भिंत रचली, त्यो तिच्याखाली कवा निजला न्हवता. म्हणून पयले मी निजतो, मग दुसऱ्याला निजू देतो."

ते सरकले, बाजेवर माझ्यापुरती जागा केली आणि म्हणाले, "टेका पाठ."

मी टेकली. डोळे तेवढे मिटून घेतले.