तिसऱ्या खणातली डिस्क

त्याला सगळे तारमास्तर म्हणत. डोळ्यांच्या त्या रुग्णालयात सव्वीस वर्षं त्यानं तारा ओढल्या, कॉम्प्युटर जोडले, प्रिंटरच्या घशातून कागद उपसले. काही बिघडलं की सगळ्यांना तो आठवे. एरवी तो भिंतीतला होता. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि सेवापुस्तकात एकही डाग नव्हता. तेवढीच त्याची कमाई.

नवा सर्व्हर आला आणि घात झाला. बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसांनी जुन्या यंत्रातल्या पाच डिस्क उपटून नव्यात खोचल्या, कुठली कुठे होती ते न लिहिता. नव्या सर्व्हरनं त्यांच्यावरच्या जुन्या खुणा पुसून स्वतःच्या मारल्या. चौदा वर्षांचे, पेशंटांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो त्या पाचांत वाटून ठेवलेले. जुना फोटो नसेल, तर नजर किती उतरली हे डॉक्टर ताडून बघणार कशाशी?

कंपनीनं मग एक इंजिनिअर मुलगी धाडली. तिनं आधी पाचही डिस्कच्या नकला काढल्या, मूळ डिस्कना हात लावला नाही. मास्तरला ती तिथंच आवडली.

सहाव्या दिवशी दुपारी ती टेबलावर डोकं टेकून बसली. "एकशे वीस प्रकारे क्रम लावून पाहिला, काका. जुने फोटो उघडतात, अलीकडचे अर्धे राखाडी. पाचही डिस्क ठणठणीत आहेत, तरी यांचं आपसात जमत नाही. उद्या हात वर करते."

का जमत नाही, ते मास्तरला ठाऊक होतं.

ही व्यवस्था पाच भावांच्या एकत्र घरासारखी. एक निघून गेला तरी चौघं त्याचा वाटा उचलतात, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. अकरा महिन्यांपूर्वी तिसऱ्या खणातली डिस्क अशीच, जागेवर असूनही, निघून गेली होती आणि यंत्र दिवसरात्र केकाटू लागलं होतं. शेजारच्या खोलीतले वैतागले. मास्तर नवी डिस्क मागायला गेला, तर व्यवस्थापक साहेब म्हणाले, "नवा सर्व्हर येतोच आहे की. आवाज तेवढा बंद करून टाका." त्यानं केला. फक्त त्या डिस्कच्या नंबराचे शेवटचे चार आकडे आणि तारीख आपल्या वहीत टिपली, सवयीनं. येतोच आहे म्हणता म्हणता अकरा महिने गेले.

घरी फोन लावला, तर बायको म्हणाली, "तीन आठवडे तोंड मिटून बसता येत नाही तुम्हाला? विचारलंय कुणी?"

विचारलं कुणीच नव्हतं. त्यानं वही उघडून मुलीपुढं ठेवली. "ही वगळ. हिच्यावरचं अकरा महिने शिळं आहे."

चार डिस्कवर क्रम पुन्हा लावायला संध्याकाळ झाली. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकेक डोळा उघडत गेला, तांबूस, शिरांचं जाळं असलेला, अखंड.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "अकरा महिने माहीत होतं तुम्हाला?"

"तुम्हीच म्हणाला होतात, आवाज बंद करा."

"लेखी आहे?"

नव्हतं. सव्वीस वर्षांत कुणीही त्याला काहीच लेखी सांगितलं नव्हतं.

खुलासा मात्र लेखी मागवला गेला. त्यानं घडलं तसं लिहिलं. साहेबांनी केबिनचं दार लोटलं, कागद शांतपणे वाचला, एका ओळीवर पेन ठेवलं. "एवढी ओळ काढा. मग मी 'समज दिली' असा शेरा मारून हे मिटवतो. नाहीतर चौकशी लागेल. निवृत्तीनंतरही चालते ती, पेन्शन अडकते. तुमच्यासाठीच सांगतोय, मास्तर."

मास्तरनं ती ओळ गाळून खुलासा पुन्हा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

मुलगी लिफ्टपाशी बॅग घेऊन उभी होती. खुलाशाची एक प्रत तिच्या कंपनीलाही गेली होती. तीच प्रत तिच्या हातात होती.

"काका, आवाजाचा त्रास होतो म्हणून तुम्ही स्वतःहून बंद केलात?"

लिफ्ट वर येत होती.

"हो," तो म्हणाला.