‘आजींनाही आणा’ म्हणणारा

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या चोरीतला कुठला आरोपी, हे विचारलं तर सांगता येणार नाही. मोशीच्या चोरीचं तसं नाही. ती अजून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता येते.

मी सातवी पास होऊन पोलिसात भरती झाले. त्या काळी तेवढं चालायचं. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. ही केस निवृत्तीच्या थोडी आधीची.

चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्या डिसेंबरच्या शेवटी शटडाऊन घेतात. मशीनची देखभाल होते, कामगारांना सुट्टी मिळते. शाळांनाही नाताळची सुट्टी असते. त्यामुळे दिवाळीचा फराळ संपला की घरोघरी एकच विषय निघतो, पोरांना पार्कात कधी न्यायचं. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, नाताळची रोषणाई. कुठल्या दिवशी जायचं, डबा न्यायचा की तिथंच खायचं, कोणी यायचं आणि कोणी घर राखायचं, यावर महिनाभर बैठका चालतात. आमच्या ठाण्यातही चालायच्या. अर्धा स्टाफ रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर उभा असायचा.

मोशीचं ते घर जुन्या गावातलं, शेतकऱ्याचं. जमीन गेली आणि बंगला आला, पण घराचा कारभार आजीच्याच हातात होता. घरात आजी, तिचा मुलगा आणि सून, नातू, नातसून आणि लग्न ठरलेली नात. पार्काची ट्रिप त्यांनी एका टूरवाल्याकडून घेतली होती. त्याने जवळच्या एका सोसायटीच्या मैदानात डिसेंबरच्या पॅकेजचा स्टॉल लावला होता. पॅकेज खोटं नव्हतं. बस वेळेवर आली, नाश्ता मिळाला, पार्कही खरं होतं. नातसून तेवढी गेली नाही. तिच्या कंपनीत शटडाऊन नव्हतं आणि तिची पहिली शिफ्ट होती.

सगळे हसतखेळत परत आले. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर लग्नासाठी घरात आणून ठेवलेलं नातीचं सोनं गायब, नातसुनेचे दागिनेही गायब. फिर्याद आली. आम्ही पंचनामा केला. दाराचा कोयंडा शाबूत, लॅचला ओरखडा नाही, कपाटही चावीनेच उघडलेलं. श्वानपथकाचा कुत्रा अंगणात फिरला आणि बसून राहिला.

दार न फोडता चोरी झाली की संशय घरात शिरतो. नातसुनेकडे दाराची चावी होती. कपाटाची नव्हती, पण सासू म्हणाली, “करून घेतली आसंल जुळी चावी. आजकाल काय, कुटंबी करून देत्यात.”

त्याच दुपारी ठाण्यात एक निनावी फोन आला, ओळखीतल्याच कोणाचा तरी असावा. चोरीच्या दिवशी दुपारी नातसून भोसरीत शेअर रिक्षातून उतरताना दिसली होती. आमच्या पीएसआयने कंपनीत चौकशी केली. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. तपास त्या पीएसआयकडेच होता. माणूस तरुण, हुशार आणि घाईचा. तो मला म्हणाला, “मावशी, केस संपली. तुम्ही फक्त तिला बोलतं करा.”

बाईची चौकशी असली की मला बसवायचे. ती समोर बसली. कंपनीचा निळा शर्ट अंगावर, हात मांडीवर. कामावरून थेट आणली होती.

“दुपारी भोसरीत काय करत होतीस?”

“काम होतं.”

“काय काम?”

“माझं काम होतं, मॅडम.”

“दागिन्यांचं काही?”

“न्हाई. त्यात माझ्या आईनं घातलेलं सोनं पण गेलंय.”

“मग सांगायला तुझं काय जातं?”

“माझं काय जात न्हाई. दुसऱ्याचं जातं.”

मी चहा मागवला, तो तिने घेतला नाही. चोरी केलेली माणसं फार बोलतात. शपथा घेतात, देवाचं नाव घेतात, पाहुण्यारावळ्यांची नावं सांगतात. ही काहीच सांगत नव्हती आणि तिला काही लपवायची सवयही दिसत नव्हती.

मी भोसरीला गेले. जिथं ती उतरली होती तिथल्या चाळींमध्ये विचारत फिरले. एका घरमालकिणीने ओळखलं. “आली होती की. खोली बघून गेली. नवरा-बायको दोघंच राहणार म्हणाली. मोरीचा नळ गळतोय, तो आधी दुरुस्त करा म्हणाली.”

म्हणजे पोरगी वेगळं राहायला खोली बघत होती. मी हे पीएसआयला सांगितलं तर तो खूशच झाला. “हेतू पण मिळाला, मावशी. वेगळं बिऱ्हाड करायला पैसा लागतो. आणि भोसरीहून मोशीला जायला कितीसा वेळ लागतो?”

मी तिच्या नवऱ्याला ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं.

“खोलीचं तुला माहीत होतं?”

त्याने बराच वेळ बुटांकडे बघितलं. “मीच पाठवलं होतं तिला. पण मॅडम, आईला कळलं तर घरात राडा व्हईल. बहिणीचं लग्न हाय.”

“बायकोला चोर म्हणतायत. हा राडा नाही?”

त्याने चहाचे पैसे दिले आणि निघून गेला. ती पोरगी तोंड का उघडत नव्हती, ते मला कळलं. नातेवाइकांत तिचं चोर म्हणून नाव झालंच होतं. सासूने तिला घरात घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. ती माहेरी गेली होती. आता अटक झाली असती तर कंपनीतलं कामही गेलं असतं. माल मिळेपर्यंत तिच्यावरचा डाग जाणार नव्हता, आणि माल कुठं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी पुन्हा मोशीच्या घरी गेले. या वेळी कपाटाबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवलं. म्हटलं, ट्रिप कशी झाली ते सांगा. माणसं फिरायला गेल्याचं सांगताना सगळं सांगतात.

आजी ओसरीवर बसल्या होत्या. सून, म्हणजे त्या पोरीची सासू, बाजूला हरभरा निवडत होती.

“ट्रिप झ्याक झाली,” आजी म्हणाल्या. “टूरवालं पोरगं लई गुणाचं. मी न्हाई येत म्हनत व्हते. पन त्येचा सारखा फोन. आजी आल्याच पायजेत. आजींचं तिकीट माझ्याकडनं. आजींना खुर्ची देतो, जेवन बिनतिखटाचं देतो.”

“म्हंजी काय,” सून म्हणाली, “आमी काय तुमाला कुटं नेत न्हाई का?”

“नेता की. दवाखान्यात.”

सुनेने सूप जरा जोरात आपटलं. मी विचारलं, “आणि घराच्या चाव्या कोणाकडे होत्या?”

“माज्याकडंच. माज्या कमरंच्या पिशवीत. घराची, कपाटाची, समदा जुडगा.”

“दिवसभर?”

“पान्यात पाय सोडून बसले तवा त्या पोरानं ठिवून घेतला. भिजंल म्हनला. लोखंडाच्या चाव्या, त्या काय इरघळनार व्हत्या व्हय? पन मायेनं बोललं पोरगं. म्हनलं ठेव बाबा. चहाच्या वक्ताला परत दिला आनून.”

मी उठले. मी स्वतः त्या वयाला टेकले होते, म्हणून मला हे कळलं. म्हातारीला पार्कात न्यायचं म्हणजे तिची खुर्ची, तिची गोळी, तिचा संडास सगळं बघायचं. सख्खा मुलगासुद्धा ‘आई, तू घरी आराम कर’ म्हणतो. परका माणूस वारंवार फोन करून आग्रह करतो, तेव्हा त्याला म्हातारी नको असते. ती उठल्यावर रिकामं होणारं घर हवं असतं.

ठाण्यात सांगितलं तर पीएसआय हसला. “मावशी, आजीशी प्रेमानं बोलला म्हणून आरोपी?”

“हो, आणि चाव्या त्याच्याकडे होत्या म्हणून,” मी म्हटलं.

आमचे मोठे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “त्याची पुढची ट्रिप कधी आहे?”

नाताळचा आठवडा अजून संपायचा होता. पुढच्या ट्रिपला कोण कोण जाणार, याची आम्ही गुपचूप चौकशी केली. निगडीत एक कुटुंब निघालं. मुलगा बँकेत, सून शिक्षिका, घरात धाकट्या मुलाचं लग्न ठरलेलं. तिथल्या आजींनी येत नाही म्हणून साफ सांगितलं होतं आणि टूरवाल्याचे त्यांना फोनवर फोन येत होते. आम्ही त्या घरच्यांना विश्वासात घेतलं. सोनं बँकेत हलवलं. टूरवाल्याने त्या आजींना कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर ऐकलं होतं. आजी म्हणून मी जायचं ठरलं.

खऱ्या आजींनी मला त्यांची शाल आणि कमरेची चाव्यांची पिशवी दिली आणि बजावलं, “जरा कुरकुर करत राहा हं. मी फोनवर त्याला फार बोललेय. गोड बोललात तर ओळखेल.”

बसमध्ये पीएसआय घरचा जावई म्हणून बसला होता. त्याने फुलाफुलांची हाफ पँट घातली होती. त्याला मी एवढं गप्प कधी बघितलं नव्हतं.

टूरवाला पोरगा खरोखर बोलायला गोड होता. त्याने मला हात धरून उतरवलं. “आजी, थंडी वाजत नाही ना?”

“वाजते. तुला काय त्याचं?”

तो हसला. मला पाण्याच्या कडेला खुर्ची दिली. मी पाय पाण्यात सोडले. डिसेंबरचं पाणी, पायात गोळे आले. मग तो वाकून म्हणाला, “आजी, ती कमरेची पिशवी द्या माझ्याकडे. लाटा आल्या की भिजते.”

मी चार वेळा नको म्हटलं आणि पाचव्यांदा दिली. तो चाव्या घेऊन फाटकाकडे गेला. फाटकाबाहेर आमचा एक माणूस उभा होता. चाव्या एका मोटारसायकलवाल्याच्या हातात गेल्याचं त्याने बघितलं आणि मोटारसायकल अडवली नाही. तसंच ठरलं होतं.

आमच्या तपास पथकाचे दोघे निगडीच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून बसून होते, एक बाथरूममध्ये आणि एक बेडरूमच्या दारामागे. मी पार्कात बसून पोरांचा आरडाओरडा ऐकत होते. पाण्यातून पाय काढावेत तर पोरगा लांबून बघत होता. मग शालीच्या आत फोन थरथरला.

“मावशी,” आमचा हवालदार म्हणाला, “पाहुणे आले. दार चावीने उघडलं, कपाट चावीने उघडलं. चहा घेणार का विचारलं तर खालीच बसले.”

तेवढ्यात पोरगा कागदी प्लेट घेऊन आला. “आजी, गरम भजी. खास तुमच्यासाठी.”

मी एक भजं खाल्लं. चांगलं होतं. मग त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने ओळखपत्र दाखवलं. त्याने पळायला मागे बघितलं तर हाफ पँटवाला जावई उभा होता.

ठाण्यात आल्यावर त्याने फार वेळ घेतला नाही. चाव्या सापडल्या होत्या, साथीदार सापडला होता. मी त्याला एकच विचारलं, “कोणाच्या घरात सोनं आहे हे तुला कळायचं कसं?”

“विचारावं लागत नाही, मॅडम. ट्रिप ठरवताना मी फक्त घरी कोण राहणार विचारतो. बाकी लोक स्वतःहून सांगतात. लग्न आहे, मोठी खरेदी झालीय, सुनेची शिफ्ट सकाळची आहे, सगळं.”

साथीदाराच्या चाकणच्या खोलीतून मोशीचा जवळजवळ सगळा माल निघाला. नातसुनेच्या आईने घातलेला हारही त्यात होता.

कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल परत द्यायच्या दिवशी सगळं घर ठाण्यात आलं. नातसून माहेरहून आली आणि वेगळ्या बाकावर बसली. आजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सासूने हातातली साडीची पिशवी पुढे केली. “चल आता घरी. झालं गेलं इसर.”

नातसुनेने आधी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे माल ताब्यात मिळाल्याच्या कागदावर, सही केली. आपले दागिने मोजून रुमालात बांधले. मग म्हणाली, “आत्याबाई, लग्नाला येईन मी. पाहुणी म्हणून येईन.”

“म्हंजी?”

“त्या दिवशी मी भोसरीत खोली बघाया गेलते. ती घेतलीय.”

सासूचा चेहरा लाल झाला. “बघा. म्हनलं व्हतं ना मी, हिच्या मनात काळं हाय. माज्या पोराला तोडाया निघालीय.”

तेव्हा तिचा नवरा उठला. माझ्यासमोर बुटांकडे बघणारा हाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “आई, खोली मी सांगितली होती बघायला. तिनं न्हाई. तुमी तिला चोर म्हनला तवा मी बोललो न्हाई. आता बोलतोय.”

आमचा पीएसआय उगीच फाईल चाळायला लागला. नातसुनेने नवऱ्याकडे बघितलं, रुमाल पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, “चला मग. मला सेकंड शिफ्टला जायचंय.” दोघं मोटारसायकलवर बसून गेले.

चोर धरल्याबद्दल साहेबांनी आमचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण त्या केसने शिकवलं ते वेगळंच होतं. पुढे उरलेल्या नोकरीत चोरी झालेल्या घरात गेले की काय काय गेलं हे मी आधी विचारायचे नाही. कोणाचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं ते ऐकायचे. त्या माणसाने चोरी केलेली असतेच असं नाही. पण त्या घरात त्याला आपलं मानत नाहीत, हे तेवढ्यात कळतं. चोराचा तपास आम्ही करू शकतो. या दुसऱ्या गोष्टीसाठी त्या घरातल्याच कोणाला तरी उठून सगळ्यांसमोर बोलावं लागतं. मी एका पोराला तसं बोलताना बघितलं. उशीर केला त्याने, पण बोलला.