सात जणांचा पाळणा

एका माणसाचा कोरस होत नाही, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

नातीचं बारसं पुण्याला आणि मी बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यातल्या घरी, उजवा पाय प्लास्टरमध्ये! आमच्याकडे पाळणा एकीनं म्हणायचा आणि बाकीच्यांनी मागे 'जो जो' धरायचं, अशी रीत. म्हणायची माझी बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या जागी पाळणा आपल्या घरूनच जावा, एवढीच माझी इच्छा. म्हणून लेकीला फोनवर ऐटीत सांगितलं, "आख्खी गल्ली बसवतो आणि रेकॉर्ड करून पाठवतो!" (आख्खी गल्ली त्या दिवशी जैनाबादला लग्नाला निघाली होती. मी विचारलंच नव्हतं!)

पेपर मिलमधून निवृत्त झाल्यावर विरंगुळा म्हणून मी लॅपटॉपवर एक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शिकलो होतो. फुकटातलं, कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं असं. त्यात आवाजाच्या पट्ट्या एकाखाली एक रचता येतात. मग काय! कानाला हेडफोन लावून आधी मुख्य पाळणा गायलो, मग त्याच्या मागे सहा वेळा 'जो जो'. दोन पट्ट्यांचा सूर चढवून बायका केल्या. तिसरीतला मी दुसरीतल्या माझ्या अर्धा शब्द मागेच! त्याला ओढून जागेवर बसवला, तर पाचवीतला मी सूर सोडून पळाला. संध्याकाळचा मुहूर्त जवळ आला, तेव्हा आहे तसंच पाठवून दिलं.

मग हेडफोन काढून स्पीकरवर मोठ्यानं लावलं. घरात सात माणसं गात होती. मला रडूच आलं.

तेवढ्यात शेजारच्या मंदाभाभी ट्रे घेऊन दारात! लग्नाहून नुकत्याच परतल्या होत्या.

"काकाजी, इतके मेहमान आले, बताया भी नहीं! सात कप चहा आणला, पुरेल ना?"

"पुरेल, पुरेल! ते... तापीवर गेले फिरायला."

"अभी तर गात होते!"

"गात गातच गेले!"

भाभींनी खाली पाहिलं. "दाराशी चप्पल तर एकच आहे." (दुसऱ्या पायाला प्लास्टर!)

त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे ठेवला. "गरम आहे तोवर घ्या," म्हणून गेल्या. तीन कप प्यायलो. चौथा जाईना.

रात्री लेकीचा फोन आला. "बाबा, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! तुम्ही एकटे असता म्हणून जिवाला घोर लागून राहायचा. आज किती माणसं होती हो घरात! बरं वाटलं."

"हो ना, गर्दीच झाली!"

"फक्त एक सांगू? त्यातले एक काका फारच बेसूर गातात. पुढच्या वेळी त्यांना नका बोलावू."

"बरं," म्हणालो. तिला कसं सांगू, की तो बेसूर उठला तर बाकीचे सहाही उठून जातात!