आईची तुंबलेली न्हाणी

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु कचेरीच्या आवारात गेली सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो, आणि माझ्या मजकुरापुढे भलेभले वकील थबकतात, हे नम्रपणे नमूद करतो. म्हणूनच काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरातील एकुलती एक न्हाणी तुंबली, तेव्हा मी प्रथम कागद उचलला.

प्रसंग गंभीर होता. आई ऐंशीच्या पुढची. स्नानावाचून पूजा नाही आणि पूजेवाचून अन्न नाही, हा तिचा नेम. आदल्या सकाळपासून न्हाणीत घोटाभर काळे पाणी उभे होते आणि तेव्हापासून आई उपाशी होती. शेजारी अंघोळीला जाणे तिला मान्य नव्हते. गुडघ्यांमुळे घाट उतरणे तर केव्हाच सुटले होते.

गल्लीतील गटाराच्या अक्षम्य हेळसांडीविषयी मी तीन पाने लिहून काढली.

"अहो, अर्ज वाचून पाणी उतरणार आहे का?" पत्नी म्हणाली. "आईंना चक्कर येतेय. माणूस आणा."

आणला. पिकल्या मिशांचा, हातात बांबूची लांब चिरफळी. त्याने स्वयंपाकघरातील सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगितले, भिंतीतील पाइपावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"बाहर सब साफ है, बाबूजी. यहीं अटका है, हाथ भर भीतर."

माझ्या तीन पानांचा आधारच गेला. मग तो उकिडवा बसला आणि ती चिरफळी काळ्या पाण्यात सरकवून सावकाश फिरवू लागला. अडलेली कामे मार्गी लावणे हा माझा व्यवसाय. पण न दिसणारी जागा बोटांनी अशी वाचणारा माणूस मी पाहिला नव्हता.

त्याने हलकेच ओढले. वीतभर, हातभर, बाहेर येतच राहिले: झेंडूच्या माळांचे दोरे, त्यांत गुंतलेल्या अर्धवट जळलेल्या वाती, तुळशीच्या काड्या, दूर्वा. मागून पाणी घशात घोट उतरावा तसे खाली गेले.

"आई, हे निर्माल्य इथे?"

आई भिंत धरून उभी होती. "मला घाट उतरवत नाही. म्हटलं, काशीतलं पाणी शेवटी जाणार कुठे? गंगेलाच ना? रोज जाळी उचलून सोडत होते. तुला सांगितलं असतं, तर म्हणाला असतास, कचेरीला उशीर होतोय."

मग तिने त्या माणसाला भीत भीत विचारले, "भैया, गंगाजी तक कुछ भी नहीं पहुँचा?"

"पानी तो रोज पहुँचा, माई. धागा रुक गया था, बस." त्याने ते सगळे स्वच्छ पाण्याने धुतले. "बाबूजी, कोई कागज है?"

माझ्या खिशात तोच अर्ज होता. त्याने त्यात निर्माल्य बांधले आणि पुडी दोन्ही हातांनी माझ्या हाती दिली. "लीजिए, अब सही दफ्तर में जाएगा."

न्हाणीचे दार लावता लावता आई म्हणाली, "निर्माल्य सोड. कागद नको सोडूस हो, शाई असते."

घाटावरून परतलो, तेव्हा ती पहिला घास घेत होती. मी ओला कागद वाळत घातला, न्हाणीत गेलो आणि वाकून जाळीला कान लावला. खाली पाणी चालले होते.