पकडायचं नाही असं ठरलं तेव्हा

आमच्या खामगावकडच्या उंद्रीच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सध्या एकच निकाल लागलेला आहे: "पैशानं पोट्टं बिघडलं." माणसं चहा फुंकत फुंकत हे बोलतात आणि वर मान हलवतात, जशी काही त्यांनी फार मोठी गोष्ट शोधून काढली. मला ऐकून किळस येते. यातल्या निम्म्यांनी दोन वर्षांपूर्वी त्याच पोरावर जेसीबीतून झेंडूची फुलं उधळली होती. पण त्याहून जास्त किळस येते ती माझी. मीही तिथेच बसतो, चहा पितो आणि गप्प राहतो.

मी इथल्या शाळेत खेळाचा मास्तर आहे. बावीस वर्षं झाली. शाळेमागे काळ्या मातीचं मैदान आहे, तिथे रोज पहाटे पाचला गावातली पोरं कबड्डीला उतरतात. तो सातवीत असताना पहिल्यांदा आला, हडकुळा, लांब पायांचा. चढाईला जाताना त्याचा पाय नुसता मातीला लागून उठायचा, बसायचा नाही. असा पाय हजारात एखाद्याचा असतो. पण पायाला काही कळत नसतं, त्याला शिकवावं लागतं, आणि त्याला शिकवलं ते मी कमी आणि त्याच्याच वर्गातल्या एका ठेंगण्या पोराने जास्त.

हा ठेंगणा आमच्या डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. पुढे तो चिखलीला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात लागला, तरी पहाटे मैदानावर हजर. त्याच्या पंजात घोटा सापडला की सुटका नाही. सात-आठ वर्षं रोज सकाळी त्याने त्या लांब पायांना खाली आणलं. आमचा चढाईपटू तोंडावर पडायचा, दातात माती यायची, एकदा अंगठ्याचं नख निघालं तर चिंधी बांधून परत चढाईला गेला. मी कडेला उभा राहून शिव्या घालायचो. "ओढ बे! रेषा काय चालत येणार हाये का तुझ्याकडे?" आणि तो ओढायचा. पायाला एक, कमरेला दोन अशी माणसं लोंबकळत असताना हात लांब करून मध्यरेषेला बोट टेकवायचा. त्याची सगळी विद्या ती होती. पळणं नव्हे, सापडल्यावर सुटणं.

मग एकोणिसाव्या वर्षी तो कबड्डी लीगच्या लिलावात गेला. आम्ही टपरीवर मोबाइलभोवती डोकी लावून लिलाव बघितला. आकडा मी इथे लिहीत नाही, कारण पुढे सहा महिने गावात त्याच्याशिवाय दुसरा विषयच नव्हता आणि मला त्याचा वीट आला आहे. बोली थांबली तेव्हा टपरीवरचा एक जण, जो दर हंगामात खामगावच्या बाजारात सोयाबीन घेऊन जातो, मांडीवर थाप मारून म्हणाला, "आपल्या मालाले भाव भेटला!" सगळे हसले. मीही हसलो. आज ते हसू आठवलं की तोंड कडू होतं.

लीगचं शिबिर सहा महिन्यांनी होतं. तोवर त्याने गावातच सराव करायचा होता. लोक समजतात तसं तो लगेच माजला नाही, हे मला स्वच्छ सांगायचं आहे. जेसीबीतून फुलं उधळलेल्या त्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो मैदानावर होता, पोरांबरोबर रेषांवर चुन्याची फक्की मारत होता. बदललो होतो आम्ही. मैदानाच्या कडेला आता प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. ज्यांनी जन्मात कबड्डी बघितली नव्हती ते तोंड धुऊन, मफलर गुंडाळून येऊन बसू लागले.

त्याच आठवड्यात ठेंगण्याने नेहमीसारखा त्याचा घोटा धरला. तो पडला, गुडघा खरचटला, रक्ताचे चार थेंब आले. एरवी त्याने थुंकी लावून पुढची चढाई केली असती. पण खुर्च्यांवरून माणसं धावत सुटली. सरपंच सगळ्यात पुढे. ते ठेंगण्यावर ओरडले, "अबे, त्या गुडघ्याची किंमत माहीत हाये का तुले? तुझं सारं घर इकलं तरी भरून निघन का?"

ठेंगण्याने माझ्याकडे बघितलं. मैदान माझं होतं. खुर्च्या उचलून फेकून द्यायला पाहिजे होत्या मी. त्याऐवजी मी शिट्टी वाजवली आणि म्हणालो, "पायाले हात नोको लावू त्याच्या. त्याले लागन."

ठेंगण्याने नुसते हात मागे घेतले.

तेव्हापासून आमच्या मैदानावर असं ठरूनच गेलं. तो चढाईला आला की पोरं दोन्ही बाजूंना सरकायची. कोणी पुढे झालंच तर मी आधी ओरडायचो, "त्याले लागन!" तो बोनस घ्यायचा, एकाला टिचकी मारायचा, वळून निवांत चालत परत यायचा. खुर्च्यांवरून टाळ्या. आम्ही त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि फोडाने काही काम होत नाही, हे शेतात राबणाऱ्या गावाला कोणी सांगायची गरज होती का? महिनाभराने ठेंगणा यायचा बंद झाला. विचारलं तर म्हणाला, "मी काय खांब हाव का सर, नुस्तं उभं राहाले?"

आणि मी? मला आमच्या चढाईपटूने लीगच्या पैशाच्या पहिल्या हप्त्यातून बूट आणून दिले होते, पांढरेशुभ्र, महागडे. मी ते घेतले. पेपरात त्याच्याशेजारी माझा फोटो आला, खाली 'गुरू' असं छापलेलं. पांढऱ्या बुटांनी काळ्या मातीत उतरवेना, म्हणून मी कडेला एक खुर्ची माझ्यासाठीही मांडली. हे लिहितानाही लाज वाटते.

एक बाई तेवढी खरं बोलली, ती त्याची आई. शेत निंदायला जाता जाता शाळेच्या फाटकाशी थांबली. म्हणाली, "सर, तुमी पहिले त्याले कित्ती शिव्या देत होते. आता काऊन देत नाही?"

"आता मोठा झाला तो," मी म्हणालो.

"घरी त्याचा बाप त्याले बोलत नाही, पाहुणे बोलत नाही. इथं तुमीबी बोलत नाही. मंग आपलं चुकलं हे त्याले समजन कसं?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. ती विळा घेऊन गेली.

हळूहळू तो पाचऐवजी साडेसहाला येऊ लागला. मग एक दिवसाआड. खामगावला दुकानाची फीत कापायची, धामणगाव बढ्याला स्पर्धेचं उद्घाटन करायचं, कुठे नुसतं स्टेजवर बसायचं. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ. कोणी त्याला खेळायला बोलवत नव्हतं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. पैशाने भूक मेली म्हणतात. असेलही. पण सकाळी उठून जे करायचं, त्यात समोर कोणी उभंच राहत नसेल, तर एकोणीस वर्षांचा पोरगा कशासाठी उठेल? मी तरी उठलो असतो का?

लीगमध्ये तो दोन सामने खेळला. सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून बघत होतं. पहिल्या चढाईत हरियाणाच्या एका पोराने त्याचा घोटा धरला आणि तो जागच्या जागी बसला. दुसऱ्या चढाईतही तेच. तिसऱ्या वेळी पाय धरण्याआधीच त्याने अंग सोडलेलं मला दिसलं. बाकी कोणाला दिसलं नाही, ते पंचाला शिव्या देत होते. उरलेला मोसम तो राखीव खेळाडूंत बसून होता. पुढच्या वर्षी त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही. फ्लेक्सवरचा त्याचा चेहरा गोठ्यावर ताडपत्री म्हणून गेला, आणि खुर्च्या मंडपवाल्याकडे परत गेल्या.

गेल्या महिन्यात त्याला पुण्याहून फोन आला. एका संघाला चाचणी घ्यायची होती, पंधरा दिवसांनी. ही शेवटची संधी आहे हे त्यालाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मैदानावर आला. वजन वाढलेलं, नजर खाली. मी ठेंगण्याला निरोप धाडला, तो आला नाही. समोर होती ती शाळेतली पोरं. तो चढाईला गेला आणि पोरं दोन बाजूंना सरकली. कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्यांचं बघून त्यांनी उचललं होतं.

माझं डोकं फिरलं. मी बूट काढून फेकले, पोरांना बाहेर काढलं आणि डाव्या कोपऱ्यात स्वतः उभा राहिलो. वय चोपन्न, गुडघे कुरकुरणारे. म्हणालो, "ये."

तो आला. मी वाकलो आणि घोटा हातात आला, इतका सहज की मलाच भीती वाटली. तो पडला. मध्यरेषा त्याच्या बोटांपासून हातभर लांब होती. मी एकटा, म्हातारा माणूस. पूर्वी तिघांना ओढत नेणारा हा पाय.

"ओढ बे!" मी ओरडलो. "ओढ!"

त्याने ओढलं नाही. मातीत गाल टेकवून तो मागे बघत हळू आवाजात म्हणाला, "सोडा सर, मले लागन."

आणि मी लगेच सोडला. सवयच होती.