मावशींचं दप्तर

वनरक्षक मावशींची दुर्बीण गळ्यात लोंबत नसे. जुन्या बॅगेचे दोन पट्टे पाठीवर फुलीसारखे घेऊन त्यांनी ती छातीशी घट्ट बांधली होती. मी त्यांचा नवा साहेब. पहिल्याच दिवशी हसलो, "मावशी, शाळेत निघालात का?" पट्टे आणखी आवळून त्या पुढे चालू लागल्या.

कड्यावरच्या अरुंद वाटेवर त्यांनी अचानक हात आडवा धरला. वीस पावलांवर अस्वल, सोबत पिल्लू. मी हळूच वाकलो आणि माझ्या गळ्यातली दुर्बीण झोका घेऊन खडकावर आपटली. अस्वलानं मान वर केली. मावशी जागच्या हलल्या नाहीत. अखेर अस्वल पिल्लाला घेऊन झाडीत शिरलं.

परतताना मी दुर्बीण दोन्ही हातांनी धरली होती. चौकीत मावशींनी आपले पट्टे माझ्यापुढे टाकले.

"घाला, साहेब. उद्या सातला शाळा भरते."