खिळे मारलेलं दार

कालिंदीबाईंना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. सोप्यातून माजघरात, माजघरातून परसात नुसत्या येरझाऱ्या. कमरेला खोचलेलं पत्र घामानं ओलं झालं होतं. मुलींच्या बोर्डिंगला देखरेखीसाठी बाई हवी होती. त्यांनी कुणाला न सांगता अर्ज धाडला, आणि आज अकराला भेटायचं बोलावणं आलं होतं.

गगनबावड्याकडच्या जहागीरदाराची ही लेक तेराव्या वर्षी कोल्हापुरातल्या सरदाराची सून झाली. गोषाचं घराणं! सासूनं आठ दिवसांत परसाचं दार खिळे मारून बंद करवलं. पुढं राणीसाहेबांची मर्जी बसली आणि त्यांना विडे लावून देण्याचा, पत्रं वाचून दाखवण्याचा मान कालिंदीबाईंना मिळाला. राजवाड्यात वीस वर्षं त्यांची ऊठबस होती, पण जायचं ते पडदे सोडलेल्या बग्गीतून. नवरा गेल्यावर तेवढाच विरंगुळा उरला. एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं आणि बग्गी यायची थांबली. वर्षभर दिवस नुसता खायला उठत होता.

धाकट्या दिराला, दादासाहेबांना, त्यांनी एकदा चाचपून पाहिलं होतं. "वहिनीसाहेब, ह्या घरातली बाई रस्त्यानं कधी चालली न्हाय," असं म्हणून ते तालमीकडं निघून गेले. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही, दुसरं काय!

दहाला दादासाहेब बाहेर पडले. मागोमाग कालिंदीबाईही पदर कपाळावर ओढून निघाल्या. बोर्डिंगची वाट त्यांना माहीत होती, पण नाकाकानांनी. दरवर्षी मुलींच्या बक्षीस समारंभाला बग्गी त्यांना आधी राजवाड्यावर न्यायची, तिथून राणीसाहेबांबरोबर बोर्डिंगला. तेलघाण्याचा वास आला की डावीकडं, चाकं फरशीवर खडखडली की राजवाडा, लोहाराचा भाता ऐकू आला की बोर्डिंग. त्याच वाटेनं त्या चालू लागल्या. पण घाण्याचा वास काही येईना. वळणामागून वळण गेलं. शेवटी उचगावहून भाजी घेऊन आलेल्या धोंडुबाईला त्यांनी विचारलं.

"घाणा मोडून सहा महिनं झालं की वो," ती म्हणाली. "तितं आता सायकलचं दुकान हाय. मागं फिरा."

बोर्डिंगात पोचायला पावणेबारा झाले. प्रमुख श्यामलाबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. "लांबून आलात का?"

"दहाला निघाले होते," म्हणत कालिंदीबाईंनी घराण्याचं नाव सांगितलं. दाराशी उभा असलेला म्हातारा शिपाई केरबा हसला. "अवो, लांब कुटलं? ही काय समोर त्यांची परसाची भिंत. मदी बोळ तेवढा."

कालिंदीबाईंनी खिडकीतून पाहिलं. बोळापलीकडं त्यांचंच दार होतं. फळ्यांतून खिळ्यांची गंजकी टोकं बाहेर आली होती. ह्याच बोर्डिंगच्या घंटेवर त्यांनी तेवीस वर्षं दिवस ढकलले होते. ती कुठं वाजते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक बोळ ओलांडायला पावणेदोन तास," श्यामलाबाई म्हणाल्या. "साठ मुली कशा सांभाळाल?"

"उद्या पहिल्या घंटेच्या आत येते," कालिंदीबाई म्हणाल्या. "नाही आले तर ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी उजाडताच परसात ठोकाठोक ऐकून दादासाहेब धावत आले. वहिनीसाहेब पहारीनं खिळे उपटत होत्या. पाच मातीत पडले होते, सहावा हलत नव्हता.

"हे काय चाललंय?"

"शेवटचा राहिलाय, दादासाहेब," मागं न बघता त्या म्हणाल्या. "मला जोर पुरत नाही. तुम्ही ओढता, की मी पुन्हा रस्त्यानं जाऊ?"

वहिनींच्या तळहाताला आलेले फोड दादासाहेबांना दिसले.

घंटा झाली तेव्हा दार सताड उघडं होतं, पहार दादासाहेबांच्या हातात होती आणि वहिनीसाहेब केव्हाच पलीकडं पोचल्या होत्या.